लिओनार्ड रॉजर्स

सर लिओनार्ड रॉजर्स (जन्म : १८ जानेवारी १८६८, मृत्यू : १६ सप्टेंबर १९६२) हे ब्रिटिश हिंदुस्थानातील एक वैद्यक संशोधक, विकृतिशास्त्रज्ञ आणि उष्णकटिबंधीय रोगांचे तज्ज्ञ होते. पटकीच्या रोग्याच्या रक्तातून निघून गेलेले पाणी, मीठ आणि अल्कली मोजूनमापून शिरेवाटे परत देण्याची पद्धत त्यांनी कलकत्त्यात रूढ केली. यकृतातील अमीबाजन्य गळवाच्या उपचारातही त्यांनी मूलभूत बदल घडवला. यकृतावर सरसकट शस्त्र चालवण्याची प्रथा मागे पडून औषध आणि पोकळ सुई यांवर भर आला, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. आज शस्त्रक्रियेनंतर रोग्याच्या रक्तातील आम्ल-आम्लारी संतुलन तपासणे हा रुग्णालयाचा नित्यक्रम झाला आहे. हा विचार हिंदुस्थानच्या रुग्णालयांत कसा आला, हे समजून घेण्यासाठी रॉजर्स यांचे चरित्र उपयोगी पडते.

बालपण व शिक्षण

रॉजर्स यांचा जन्म इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात, प्लिमथ शहराजवळ झाला. वडील आरमारात अधिकारी होते. शालेय शिक्षण त्याच परिसरात पूर्ण करून ते लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात वैद्यकाच्या अभ्यासासाठी दाखल झाले. १८९२ मध्ये त्यांनी शल्यवैद्यकातील एफ. आर. सी. एस. ही पदवी मिळवली. पुढे ज्याने शस्त्रक्रिया टाळण्याचा आग्रह धरला, त्याचे पहिले शिक्षण शस्त्रक्रियेचे होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १८९३ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिस या सरकारी वैद्यकीय सेवेत दाखल होऊन हिंदुस्थानात आले.

हिंदुस्थानातील आरंभीची वर्षे

लष्करी डॉक्टर म्हणून काही काळ काढल्यावर १८९६ मध्ये त्यांना आसामात काळा आजाराच्या चौकशीसाठी पाठवण्यात आले. गावेच्या गावे ओस पाडणारा हा ताप नेमका कशाने येतो हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. रॉजर्स यांनी त्याला हिवतापाचाच एक उग्र प्रकार मानले. हे निदान चुकीचे ठरले. मात्र बाधित वस्ती सोडून थोड्या अंतरावर नव्या झोपड्या बांधाव्यात, हा त्यांचा सल्ला चहाच्या मळ्यांत उपयोगी पडला. कारण चुकले पण उपाय लागू पडला, असे वैद्यकाच्या इतिहासात अनेकदा घडले आहे. लीशमन आणि डोनोव्हन यांनी १९०३ मध्ये या रोगाचा परजीवी दाखवल्यानंतर, १९०४ मध्ये रॉजर्स यांनी तो शरीराबाहेर कमी तापमानात वाढवला आणि त्याला शेपटीसारखा तंतू असलेली अवस्था असते हे सिद्ध केले. आपली आधीची चूक त्यांनी अशा रीतीने स्वतःच निस्तरली.

मधल्या काळात कुमाऊँतील मुक्तेश्वर येथील प्रयोगशाळेत त्यांनी गुरांच्या बुळकांडी रोगावरील रक्तजलाचे काम केले. १९०० मध्ये ते कलकत्ता मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्र शिकवू लागले. पुढची वीस वर्षे हेच त्यांचे कार्यक्षेत्र राहिले. या महाविद्यालयात शवविच्छेदनाच्या अनेक वर्षांच्या नोंदवह्या जपून ठेवलेल्या होत्या. रॉजर्स यांनी त्या बारकाईने वाचून काढल्या. पटकी आणि यकृताचे गळू या दोन्ही विषयांतील त्यांच्या कामाचा पाया या नोंदवह्यांनी घातला.

पटकी आणि रक्तातील क्षार

पटकी, म्हणजे कॉलरा, हा त्या काळात महाराष्ट्रातही घरोघरी धास्ती बसवणारा रोग होता. मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर ओढून नेण्याची चाल त्या धास्तीतूनच रुजली. तांदळाच्या पेजेसारखे पातळ जुलाब व उलट्या सुरू झाल्या की काही तासांत रोग्याचे डोळे खोल जात, आवाज बसे, हातापायांत पेटके येत, अंग गार पडे आणि नाडी हाताला लागेनाशी होई. मृत्यूचे खरे कारण शरीरातून वाहून गेलेले पाणी व क्षार हे होते. ही गोष्ट विल्यम ओशॉनेसी या तरुण आयरिश डॉक्टराने १८३१-३२ मध्येच, इंग्लंडातील साथीत रोग्यांचे रक्त तपासून सांगितली होती. रक्तातील पाणी, मीठ आणि अल्कली ही तिन्ही घटतात आणि तीच शौचात सापडतात, असे त्यांना आढळले. त्यावरून स्कॉटलंडातील टॉमस लाटा यांनी १८३२ मध्ये रोग्यांच्या शिरेत खारे पाणी सोडले आणि काही रोगी मृत्यूच्या दारातून परत आले. पण निर्जंतुक पाण्याची कल्पना तेव्हा नव्हती, किती पाणी द्यायचे याचा अंदाज नव्हता आणि पुन्हा जुलाब सुरू झाल्यावर पुन्हा पाणी द्यावे लागते हेही पुरते उमगले नव्हते. साथ सरली आणि ही पद्धतही मागे पडली. ओशॉनेसी पुढे कलकत्त्यात आले आणि हिंदुस्थानातील तारायंत्राचे प्रवर्तक म्हणून प्रसिद्ध झाले. पटकीवरचे त्यांचे काम मात्र सुमारे पाऊण शतक कागदावरच राहिले.

रॉजर्स यांनी कलकत्त्यात काम सुरू केले तेव्हा पटकीच्या रोग्यांना साधे खारे पाणी टोचण्याचे प्रयत्न अधूनमधून होत असत. तरीही रुग्णालयात आलेल्या रोग्यांपैकी सुमारे ६० टक्के दगावत. शिरेत सोडलेले पाणी थोडा वेळ नाडी सुधारून लगेच आतड्यावाटे बाहेर पडते, असे त्यांच्या लक्षात आले. म्हणून १९०८ पासून त्यांनी रक्तापेक्षा अधिक खारट असा, म्हणजे हायपरटॉनिक, द्राव वापरायला सुरुवात केली. एका पाइंटाला, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोड्या अधिक पाण्याला, १२० ग्रेन मीठ असे त्याचे प्रमाण होते. आजच्या भाषेत तो सुमारे १.३५ टक्क्यांचा द्राव होतो. नेहमीचे सलाईन ०.९ टक्क्यांचे असते. त्यात थोडे कॅल्शियम क्लोराइडही असे. जास्त मीठ पाण्याला रक्तातच धरून ठेवील, असा त्यामागचा तर्क होता.

या पद्धतीतील महत्त्वाचा भाग मोजमापाचा होता. रोग्याला किती द्राव द्यायचा हे ठरवण्यासाठी रॉजर्स यांनी रक्ताचे विशिष्ट गुरुत्व पाहण्याची एक सोपी युक्ती वापरली. ग्लिसरीन व पाणी यांची निरनिराळ्या घनतेची मिश्रणे छोट्या बाटल्यांत भरून ओळीने ठेवायची आणि रोग्याच्या बोटातून काढलेला रक्ताचा थेंब एकेका बाटलीत सोडायचा. ज्या बाटलीत थेंब तरंगतही नाही आणि बुडतही नाही, तिची घनता तीच रक्ताची घनता. पाणी जितके अधिक गेलेले, तितके रक्त घट्ट आणि विशिष्ट गुरुत्व अधिक. या आकड्यावरून आणि रक्तदाबावरून द्रावाचे प्रमाण ठरे, आणि लक्षणे परतली की मोजमाप पुन्हा केले जाई. महागडे यंत्र न लागता खाटेशेजारी करता येणारी ही चाचणी जिल्ह्याच्या गावातील डॉक्टरलाही जमण्यासारखी होती. याच्या जोडीला ते पोटॅशियम परमँगनेटच्या गोळ्या पोटात देत. आतड्यातील विष त्यामुळे निष्प्रभ होते, असा त्यांचा समज होता. (विहिरीत टाकायची लाल दवा जुन्या पिढीतील वाचकांना आठवत असेल, ती हीच.) मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास उतरले. १९११ मध्ये इटलीतील पालेर्मो येथे पटकीची साथ असताना रॉजर्स तेथे जाऊन ही पद्धत दाखवून आले.

अल्कलीचा प्रश्न

अंग गार पडण्याच्या अवस्थेतून वाचलेले काही रोगी दोन-चार दिवसांनी मरत. त्यांची नाडी सुधारलेली असे, पण लघवी होत नसे. मग श्वास जोरजोराने व खोल चाले, रोगी गुंगीत जाई आणि मृत्यू येई. मूत्रपिंडे बंद पडल्याने हे होते एवढे कळत होते. नुसत्या मिठाच्या पाण्याने ते का टळत नाही, हे कळत नव्हते.

याचा उलगडा होण्यासाठी थोडे शरीरशास्त्र पाहावे लागेल. माणसाचे रक्त किंचित आम्लारीधर्मी असते. त्याचा सामू, म्हणजे पीएच, ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. शरीरात क्षणोक्षणी आम्ले तयार होत असतात. त्यांना आवर घालण्याचे काम रक्तातील बायकार्बोनेट करते. हा आपल्या खाण्याच्या सोड्यातलाच घटक होय. फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, मूत्रपिंडे जादा आम्ल लघवीवाटे काढून बायकार्बोनेट राखून ठेवतात, आणि यकृत लॅक्टिक आम्लासारखी द्रव्ये जाळून टाकते. पटकीत या व्यवस्थेवर दोन्हीकडून घाला येतो. जुलाबावाटे बायकार्बोनेट भरमसाट वाहून जाते. त्यातच रक्तपुरवठा खुंटल्याने पेशींत लॅक्टिक आम्ल साचते आणि मूत्रपिंडे काम थांबवतात. परिणामी रक्त आम्लतेकडे झुकते. तो जोरजोराचा श्वास म्हणजे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून आम्लता कमी करण्याची शरीराची धडपड असते. रुग्णालयात रोज दिसणारे हे लक्षण तेव्हाच्या अनेक डॉक्टरांनी पाहिले होते, पण त्याचा अर्थ लावला नव्हता.

अँड्र्यू सेलार्ड्स या अमेरिकन डॉक्टराने १९१० च्या सुमारास फिलिपाइन्समधील मनिला येथे दाखवून दिले की पटकीच्या रोग्याला सोडियम बायकार्बोनेट मोठ्या प्रमाणात दिले तरी त्याची लघवी अल्कलीयुक्त होत नाही. म्हणजे शरीरात अल्कलीची फार मोठी तूट असते. रॉजर्स यांनी हे काम वाचले आणि आपल्या खाऱ्या द्रावाला बायकार्बोनेटच्या द्रावाची जोड दिली. येथे एक व्यावहारिक अडचण होती. बायकार्बोनेटचे पाणी उकळले की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि त्याचे तीव्र अशा कार्बोनेटात, धुण्याच्या सोड्यात, रूपांतर होते. त्यामुळे द्राव निर्जंतुक करताना विशेष काळजी घ्यावी लागे. अल्कलीच्या जोडीमुळे लघवी बंद होऊन मरणाऱ्यांची संख्या घटली आणि एकूण मृत्यूचे प्रमाण २० टक्क्यांच्या घरात आले. सामू ही संकल्पनाच १९०९ मध्ये मांडली गेली होती. रुग्णालयात तो मोजण्याची सोय तर पुढे अनेक वर्षे नव्हती. अशा वेळी लघवी, श्वास आणि रक्ताचा थेंब यांवरून रॉजर्स यांनी उपचाराची दिशा ठरवली.

पुढील संशोधनाने रॉजर्स यांच्या पद्धतीतील काही भाग बाजूला सारला. रक्तापेक्षा जास्त खारट द्रावाची गरज नव्हती. रक्ताइतक्याच क्षारतेचा द्राव पुरेशा प्रमाणात, जुलाबाच्या मापाने, अल्कली आणि पोटॅशियमसह दिला तर जवळजवळ सर्वच रोगी वाचतात, हे १९५० आणि १९६० च्या दशकांतील कामाने सिद्ध केले. परमँगनेटच्या गोळ्याही निरुपयोगी ठरल्या. तोंडावाटे मीठ-साखरेचे पाणी देऊन काम भागते, हे तर रॉजर्स यांच्या ध्यानीमनीही नव्हते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बंगालमधील बोनगाव येथे, दिलीप महालनबीस यांनी ते हजारो रोग्यांवर करून दाखवले. तथापि त्या पाण्याच्या मूळ घटकांतही मिठाबरोबर खाण्याचा सोडा होताच.

यकृतातील गळू

रॉजर्स यांचे दुसरे मोठे काम यकृताविषयीचे आहे. अमीबा या एकपेशीय परजीवीमुळे होणारा आमांश, म्हणजे बोलीभाषेतील आव, हिंदुस्थानात सर्वत्र होता. आतड्यातील व्रणांतून अमीबा रक्तावाटे यकृतात पोहोचतो, तेथील ऊतक कुजवतो आणि चॉकलेटी रंगाच्या दाट द्रवाने भरलेली पोकळी तयार करतो. उजव्या बरगड्यांखाली दुखणे, खांद्याकडे जाणारी कळ, ताप, घाम आणि झपाट्याने होणारा कृशपणा ही त्याची लक्षणे होत. लष्करी छावण्यांत हा रोग विशेष आढळे. त्यावर एकच इलाज मानला जाई : पोट किंवा बरगड्यांमधली जागा उघडून गळू फोडायचे आणि नळी ठेवून ते वाहते ठेवायचे. या शस्त्रक्रियेनंतर अर्ध्याहून अधिक रोगी मरत.

रॉजर्स यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. गळू फोडताना रोगी मरत नाही, मग आठवडा-पंधरवड्याने का मरतो? त्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी निघालेला द्रव सूक्ष्मदर्शकाखाली आणि जंतूंच्या संवर्धनात तपासला. बहुतेक गळवांत पू निर्माण करणारे जंतू मुळीच नव्हते. अमीबाही द्रवात क्वचित सापडे, पण गळवाच्या भिंतीवरून खरवडून घेतलेल्या भागात तो हमखास दिसे. याचा अर्थ उघड होता. यकृतातील पोकळी मुळात निर्जंतुक असते; उघड्या जखमेवाटे आणि नळीवाटे बाहेरचे जंतू आत शिरतात आणि तेच रोग्याचा घात करतात. भिंतीतला अमीबा मात्र शस्त्राने निघत नाही, तो तसाच राहून यकृत पोखरत असतो. म्हणजे इलाजच दुसरा रोग आत नेत होता.

त्यावर त्यांनी दोन गोष्टी सुचवल्या. पहिली, गळू उघडे न करता पोकळ सुईने द्रव ओढून काढायचा आणि त्याच सुईवाटे क्विनीनचा द्राव आत सोडून जखम बंद ठेवायची. दुसरी अधिक महत्त्वाची : गळू होण्याच्या आधीच रोग ओळखायचा. यकृत सुजलेले, ताप आलेला, पण पोकळी अजून तयार झालेली नाही, अशा अवस्थेत रक्तातील पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात, हे त्यांनी दाखवले. या टप्प्यावर इपिकॅक या दक्षिण अमेरिकेतील मुळीचे चूर्ण भरपूर दिले तर गळू टळते, असा त्यांना अनुभव आला. इपिकॅक आमांशावर जुन्या काळापासून दिले जाई, परंतु त्याने भयंकर उलट्या होत आणि औषध पोटात टिकत नसे.

ही अडचण १९१२ मध्ये सुटली. इपिकॅकमधील एमेटिन हे द्रव्य अमीबाला अत्यल्प प्रमाणातही मारते, असे एडवर्ड वेडर यांनी नुकतेच प्रयोगशाळेत दाखवले होते. रॉजर्स यांनी एमेटिनचा विद्राव्य क्षार कातडीखाली टोचून दिला. उलट्यांचा त्रास टळला आणि मरणपंथाला लागलेले आमांशाचे व यकृतसुजेचे रोगी काही दिवसांत सुधारू लागले. काही वर्षांतच लष्करातील यकृतगळवाचे प्रमाण घटले आणि यकृतावरील उघड्या शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येऊ लागली. एमेटिन हृदयाला अपायकारक असल्याने त्याचा डोस फार जपून द्यावा लागे, आणि १९६० च्या दशकात मेट्रोनिडॅझोल आल्यावर ते जवळपास कालबाह्य झाले. आधी औषध आणि गरज पडली तरच सुई, हा क्रम मात्र टिकून आहे.

यकृत, आम्लता आणि शस्त्रक्रियेनंतरची काळजी

रॉजर्स यांनी पटकी आणि यकृत हे दोन विषय वेगवेगळे हाताळले. ते एकत्र आले पुढच्या पिढीत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्सिस हार्टमन यांनी १९३२ च्या सुमारास रिंगर यांच्या जुन्या क्षारद्रावात सोडियम लॅक्टेट मिसळले. लॅक्टेट हे उकळले तरी बिघडत नाही आणि शरीरात गेल्यावर प्रामुख्याने यकृत त्यापासून बायकार्बोनेट तयार करते. रॉजर्स यांना छळणारी निर्जंतुकीकरणाची अडचण अशी दूर झाली. आज कोणत्याही तालुक्याच्या रुग्णालयात आर. एल. या नावाने टांगलेली बाटली याच द्रावाची असते.

पण यात एक अट आहे : यकृत काम करीत असले पाहिजे. यकृताचा मोठा भाग कापून काढल्यावर उरलेला भाग सुरुवातीला लॅक्टेट हवे तितक्या वेगाने वापरू शकत नाही. शस्त्रक्रियेतील रक्तस्राव आणि यकृताचा रक्तपुरवठा काही वेळ रोखून धरणे यांमुळेही लॅक्टेट वाढते. म्हणून अशा रोग्याच्या धमनीतील रक्ताची पहिल्या काही दिवसांत वारंवार तपासणी करतात. सामू, बायकार्बोनेट आणि लॅक्टेट तासागणिक सुधारत असतील तर उरलेले यकृत सावरत आहे असे मानतात. लॅक्टेट चढते राहिले तर ती धोक्याची सूचना असते. काही ठिकाणी लॅक्टेटऐवजी अ‍ॅसिटेट असलेला द्राव वापरतात, कारण अ‍ॅसिटेटचे रूपांतर यकृताबाहेरही, स्नायूंमध्ये, होते. यकृत प्रत्यारोपणानंतरही हेच पाहिले जाते. किती द्राव द्यायचा, कोणता द्यायचा आणि कधी थांबायचे हे रोग्याच्या रक्तालाच विचारायचे, ही रीत ग्लिसरीनच्या बाटल्यांच्या ओळीपासून येथवर आली आहे.

महाराष्ट्र व मराठवाड्याच्या संदर्भात

रॉजर्स यांचे काम बंगालमधले असले तरी त्याचा संबंध मराठी मुलुखाशी अनेक अंगांनी येतो. भारतीय विज्ञान परिषदेचे १९१९ चे अधिवेशन मुंबईत भरले होते आणि त्याचे अध्यक्ष रॉजर्स होते.

पटकीच्या साथी आणि हवामान यांचा संबंध शोधण्यासाठी त्यांनी देशभरातील अनेक वर्षांचे मृत्यूचे आकडे, पाऊस आणि आर्द्रता यांच्या नोंदी ताडून पाहिल्या व १९२८ मध्ये त्यावर मोठा अहवाल प्रसिद्ध केला. हवेतील बाष्पाचा दाब ०.४ इंचाच्या खाली गेला की पटकी ओसरते आणि वाढला की ती पुन्हा उचल खाते, असा त्यांचा निष्कर्ष होता. दख्खनच्या पठारावर पटकीचा जोर पावसाळ्यात असे. आषाढी वारीचा काळ नेमका हाच. हिंगोली, परभणी, नांदेड या भागांतून, संत नामदेवांच्या नरसीपासून, पायी निघालेले वारकरी वाटेतल्या नद्या-विहिरींचे पाणी पीत पंढरपुरी पोहोचत आणि त्याच वाटांनी परतत. चंद्रभागेकाठी लाखोंचा मेळा जमल्यावर एका गावचा रोग शंभर गावांत जाण्यास वेळ लागत नसे. यात्रेकरूंना पटकीची लस टोचल्याशिवाय यात्रेत जाऊ देऊ नये, हा आग्रह रॉजर्स यांनी अखेरपर्यंत धरला. त्यांची लसीवरची श्रद्धा आज अवाजवी वाटते, कारण ती लस फार काळ संरक्षण देत नसे आणि शुद्ध पाण्याचा प्रश्न तिने सुटत नव्हता. यात्रेची वेळ, पाऊस आणि साथ यांची सांगड घालण्याची त्यांची पद्धत मात्र योग्य होती.

हिंगोली हे निजामाच्या राज्यातील हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचे एक जुने ठाणे होते. जालना, औरंगाबाद आणि मोमिनाबाद (अंबाजोगाई) येथेही तिच्या छावण्या होत्या. आमांश आणि त्यामागून येणारे यकृताचे गळू हे सैन्याच्या दवाखान्यांचे नित्याचे दुखणे असल्याने एमेटिनसारख्या औषधाचे मोल अशा ठाण्यांना विशेष होते. अमीबाचा आमांश मराठवाड्यातून आजही गेलेला नाही. उन्हाळ्यात कयाधूचे पात्र कोरडे पडते आणि पहिल्या पावसाबरोबर उघड्या विहिरींत गढूळ पाणी उतरते, तेव्हा त्याची आठवण हमखास होते.

कुष्ठरोगावरील त्यांच्या औषधाचा धागा तर सह्याद्रीपर्यंत पोहोचतो. चौलमुगरा तेल कुष्ठरोगावर पूर्वापार वापरात होते, पण त्याने पोट बिघडे. रॉजर्स यांनी त्या तेलातील आम्लांचे सोडियम क्षार तयार करून ते टोचण्याची पद्धत १९१५ नंतर विकसित केली. पुढे यासाठी पश्चिम घाटात व कोकणात आढळणाऱ्या कडू कवठाच्या बियांचे तेल वापरले जाऊ लागले. डॅप्सोन हे औषध येईपर्यंत हाच मुख्य उपचार होता. १९२३-२४ मध्ये फ्रँक ओल्ड्रीव्ह यांच्यासह त्यांनी ब्रिटिश साम्राज्यातील कुष्ठरोग निवारणासाठी एक संघटना स्थापन केली. ती आज लेप्रा या नावाने ओळखली जाते.

उष्णकटिबंधीय वैद्यकाची संस्था

उष्ण प्रदेशांतील रोगांचा अभ्यास लंडन-लिव्हरपूलमध्ये होतो आणि रोगी मात्र हिंदुस्थानात असतात, ही विसंगती रॉजर्स यांना बोचत असे. कलकत्त्यात अशी संस्था उभारण्याची कल्पना त्यांनी १९१० च्या सुमारास मांडली आणि तिच्यासाठी संस्थानिक, व्यापारी व चहा-ताग कंपन्यांकडून देणग्या जमवल्या. १९१४ मध्ये पायाभरणी झाली. महायुद्धामुळे काम रेंगाळले. संस्थेत शिक्षण सुरू झाले ते १९२१ मध्ये, आणि तोवर प्रकृती बिघडल्यामुळे रॉजर्स हिंदुस्थान सोडून गेले होते. भारतीय औषधींच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेले रामनाथ चोप्रा याच संस्थेत घडले.

मूल्यमापन

रॉजर्स यांच्या कामाकडे आज पाहताना काही गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. त्यांनी नवे उपचार ज्यांच्यावर करून पाहिले ते बहुतांश सरकारी रुग्णालयात आलेले गरीब हिंदी रोगी होते आणि त्यांची संमती घेण्याची पद्धत तेव्हा नव्हती. यशाचे आकडे बहुधा आधीच्या वर्षांच्या आकड्यांशी ताडून काढलेले होते; एकाच वेळी दोन गट करून तुलना करण्याची आजची शिस्त त्यात नाही. साथींची तीव्रता वर्षागणिक बदलते, त्यामुळे घटलेल्या मृत्यूंचे सारे श्रेय उपचाराला देता येत नाही. संशोधनाच्या वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील गोऱ्या अधिकाऱ्यांकडेच राहत. काळा आजारावर युरिया स्टिबामाइन हे प्रभावी औषध शोधणारे उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांना एका लहानशा खोलीत काम करावे लागले, हे याच काळातले वास्तव आहे. सर्पदंशावर जखम चिरून परमँगनेट भरण्याचा रॉजर्स यांनी पुरस्कारलेला उपायही पुढे निरुपयोगी ठरला.

दुसऱ्या बाजूला, शवविच्छेदनाच्या नोंदवहीपासून रोग्याच्या खाटेपर्यंत एकच प्रश्न घेऊन जाणारा संशोधक म्हणून त्यांची बरोबरी करणारे त्या काळात थोडे होते. दुसऱ्याचे काम उपयोगी दिसले की ते तत्काळ स्वीकारण्याचा मोकळेपणा त्यांच्यात होता. सेलार्ड्स यांची अल्कली आणि वेडर यांचे एमेटिन ही त्याची ठळक उदाहरणे होत. आयत्या मिळालेल्या कल्पनांचा माणूस, असा आक्षेप यावर घेता येईल. परंतु प्रयोगशाळेत सिद्ध झालेली गोष्ट रोग्यापर्यंत नेण्यास किती वर्षे लागतात हे ओशॉनेसी यांच्या उदाहरणावरून दिसते. एमेटिनच्या बाबतीत रॉजर्स यांनी हे अंतर साधारण वर्षभरात कापले.

सन्मान व उत्तरायुष्य

१९१४ मध्ये रॉजर्स यांना सर हा किताब मिळाला. त्याच वर्षी त्यांचा विवाह युना एल्सी नॉर्थ यांच्याशी झाला. त्यांना तीन मुलगे झाले. १९१६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेले. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी लंडनमध्ये उष्णकटिबंधीय रोगांचे अध्यापन केले. १९२८ ते १९३३ या काळात ते इंडिया ऑफिसच्या वैद्यकीय मंडळाचे अध्यक्ष होते, आणि त्यानंतर रॉयल सोसायटी ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन अँड हायजीन या संस्थेचेही अध्यक्ष झाले. पटकी, उष्ण प्रदेशांतील ताप, आतड्यांचे रोग आणि कुष्ठरोग (अर्नेस्ट म्यूर यांच्यासह) यांवरील त्यांची पुस्तके दीर्घकाळ अभ्यासली गेली. हॅपी टॉइल हे आत्मचरित्र त्यांनी १९५० मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी प्रसिद्ध केले. इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यातील ट्रुरो येथे १६ सप्टेंबर १९६२ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.